नियमित जंतनाशक देऊनही शेळ्यांच्या जबड्याखाली सूज का येते? (मुरबाड परिसर)

माळशेज-पायथा (मुरबाड / ऐरोली) यांचा प्रश्न

नमस्कार. मुरबाड तालुक्यात, माळशेज घाटाच्या पायथ्याच्या बाजूला, आमचा लहानसा गोठा आहे. उस्मानाबादी आणि गावठी अशा लहान-मोठ्या ४० शेळ्या आहेत. शिवाय गेल्या उन्हाळ्यात घाटावरच्या एका मेंढपाळाकडून ६ दख्खनी मेंढ्या घेतल्या, त्याही याच कळपात चरतात. मी नोकरीमुळे ऐरोलीत राहतो आणि शनिवार-रविवारी गोठ्यावर असतो. एरवीचे सारे काम काका आणि एक गडी पाहतात.

गौरी-गणपतीपासून काही शेळ्यांच्या खालच्या जबड्याखाली मऊ, पाणी भरल्यासारखी सूज दिसू लागली आहे. संध्याकाळी जनावरे चरून आली की ती ठळक दिसते आणि सकाळपर्यंत बरीचशी ओसरते, त्यामुळे काकांना आधी काटा टोचल्याचा संशय आला. या शेळ्यांना हगवण नाही. लेंड्या घट्ट आहेत, रवंथ चालू आहे. मात्र त्या कळपाच्या मागे रेंगाळतात, अंगावरचे केस राठ झाले आहेत आणि दुभत्या शेळ्यांचे दूध निम्म्यावर आले आहे. एक चांगली भरलेली पाट (तरुण मादी शेळी) चढणीवर बसली ती उठलीच नाही. करडांचे दुखणे मात्र वेगळे दिसते. दोन-अडीच महिन्यांच्या काही करडांना पातळ हगवण आहे, शेपटीखालचा भाग माखलेला असतो आणि काहींच्या विष्ठेत रक्त दिसते.

जंतनाशकाच्या बाबतीत हयगय झालेली नाही. दर ३ महिन्यांनी सगळ्या कळपाला अल्बेंडाझोल पाजले जाते आणि शेवटची मात्रा श्रावणातच दिलेली आहे. औषधाच्या दुकानात आता ‘दर महिन्याला पाजा’ असा सल्ला मिळाला. तो मानावा का? मेंढ्यांमुळे हा प्रकार वाढला असेल का? आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या घरची मुले करडांमध्ये खेळतात, त्यांना यातून काही होऊ शकते का, याबद्दलही जाणकारांनी सांगावे.

पडघा-शेळीपालन

आमच्याकडे पूर्वी मोरचूद पाण्यात विरघळवून पाजत असत आणि गुण येत असे. जुनी माणसे त्यात तंबाखूचे पाणीही मिसळत. हल्लीच्या औषधांत दम राहिलेला नाही, म्हणून मी तरी प्रत्येक वेळी निराळ्या कंपनीचे औषध आणतो. मेंढ्यांचा अनुभव मला नाही.

पशुवैद्यक, शहापूर

वरच्या सल्ल्यापासूनच सुरुवात करतो, कारण त्यात जिवाला धोका आहे. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. शेळी तांबे काही प्रमाणात सोसते. मेंढीच्या यकृतात मात्र ते साठत जाते आणि एखाद्या दिवशी एकदम रक्तात सुटून तांबड्या पेशी फोडते. जनावर पिवळे पडते, लघवी गडद तांबडी होते आणि बहुधा ते वाचत नाही. मेंढ्या असलेल्या कळपात मोरचूद आणूच नये. तंबाखूच्या पाण्याने निकोटिनची विषबाधा होते, आणि औषधाची व विषाची मात्रा यांत फारसे अंतर नसते. ‘निराळ्या कंपनीचे’ औषध आणूनही बहुधा काही साधत नाही, कारण डब्यावरचे नाव बदलले तरी आत पुष्कळदा तेच अल्बेंडाझोल किंवा त्याचेच भावंड फेनबेंडाझोल असते.

आता मूळ प्रश्न. आपण केलेले वर्णन वाचून पहिला संशय हिमोंकस कॉन्टॉर्टस या जंतावर जातो. शेळी-मेंढीच्या चौथ्या पोटात राहणारा हा गोलकृमी २ ते ३ सेंटिमीटर लांबीचा असून तो रक्तावर जगतो. मादीच्या शरीरात रक्ताने भरलेल्या लाल आतड्याभोवती पांढऱ्या बीजकोशाचे वेढे असतात, त्यामुळे ती लाल-पांढऱ्या पीळदार दोऱ्यासारखी दिसते. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त काढतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण पोटात असे हजार जंत असले तर रोज ५० मिलिलिटर रक्त जाते, आणि २० किलो वजनाच्या शेळीच्या अंगात एकूण रक्तच दीड लिटरच्या आतबाहेर असते. रक्ताबरोबर त्यातली प्रथिनेही जातात. ती घटली की रक्तवाहिन्यांतले पाणी बाहेर झिरपते आणि दिवसभर मान खाली घालून चरणाऱ्या जनावराच्या जबड्याखाली साचते. रात्री डोके वर राहिले की ओसरते. सूज संध्याकाळी दिसणे आणि सकाळी नसणे हे म्हणूनच या रोगाचे नेहमीचे लक्षण आहे. हगवण नसणेही त्याच्याशी जुळते. हा जंत रक्त पितो, आतड्याला तो फारसा त्रास देत नाही. त्यामुळे ‘लेंडी घट्ट आहे, म्हणजे जंत नाहीत’ हा आपल्याकडचा समज पुष्कळ जनावरांच्या मुळावर येतो. संसर्ग एकदम मोठा झाला, तर जनावर वाळण्याआधीच रक्त कमी पडून कोसळते. आपली पाट बहुधा तशीच गेली असावी.

तथापि जबड्याखालची प्रत्येक सूज हिमोंकसची नसते. यकृतातले पर्णकृमी (पानासारखे चपटे जंत), जोन्ससारखा जुनाट आतड्याचा रोग किंवा नुसती उपासमार यांनीही ती येते, आणि गोचिडांमुळे होणाऱ्या रक्तातील रोगांनी जनावर पांढरे पडते. म्हणून लेंडी तपासल्याशिवाय पुढची मात्रा देऊ नका, एवढा माझा आग्रह आहे. दुर्दैवाने आणखी एखादे जनावर दगावले, तर ते पुरण्याआधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवून शवविच्छेदन करून घ्यावे. ताज्या जनावराचे चौथे पोट उभे चिरले की आतल्या चिकट स्रावात केसासारखे लालसर जंत वळवळताना उघड्या डोळ्यांना दिसतात आणि पोटाच्या अस्तरावर जागोजागी रक्ताचे ठिपके असतात. एकदा ते पाहिले की पुढे कुणी समजावून सांगावे लागत नाही.

अल्बेंडाझोल का लागू पडत नाही, याची कारणे दोन आहेत आणि ती एकमेकांना बळ देतात. पहिले कारण मात्रेचे. बाटलीवरची मात्रा पुष्कळदा मेंढी किंवा गाय डोळ्यांसमोर ठेवून छापलेली असते. शेळीचे यकृत ही औषधे अधिक वेगाने निकाली काढते, म्हणून या गटातील औषध शेळीला मेंढीच्या दीडपट ते दुप्पट द्यावे लागते. त्यात वजन अंदाजाने धरले जाते, आणि अंदाज बहुधा कमीच निघतो. अपुऱ्या मात्रेत दुबळे जंत मरतात, चिवट जंत उरतात आणि पुढची पिढी त्या चिवटांचीच वाढते. दुसरे कारण वेळापत्रकाचे. सगळ्या कळपाला एकाच दिवशी, वर्षानुवर्षे एकाच गटाचे औषध पाजले की औषधाला न दबणारे तेवढे जंत अंडी घालायला मोकळे राहतात, आणि हिमोंकसची एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते. बेंझिमिडाझोल, म्हणजे अल्बेंडाझोलच्याच, गटाला दाद न देणारे हिमोंकस आपल्या देशातल्या अनेक राज्यांतील कळपांत आढळलेले आहेत. दर महिन्याला पाजण्याचा सल्ला मानलात, तर उरलेसुरले औषधही हातचे जाईल.

त्याऐवजी पापणी पाहायला शिका. दक्षिण आफ्रिकेत याच जंतासाठी फमाचा नावाची पद्धत तयार झाली. तिच्यात जनावराच्या खालच्या पापणीच्या आतल्या बाजूचा रंग एका तक्त्यावरील ५ रंगांशी ताडून पाहतात. १ म्हणजे गडद लाल आणि ५ म्हणजे जवळपास पांढरा. वरची पापणी मिटवून अंगठ्याने डोळा हलका आत दाबावा, दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी ओढावी आणि बाहेर आलेला पडदा क्षणभरात पाहून सोडून द्यावा. जास्त वेळ धरून ठेवल्यास रंग बदलतो. हे काम सूर्यप्रकाशातच करावे, गोठ्यातल्या बल्बखाली नव्हे. ४ आणि ५ रंगाच्या जनावराला तातडीने औषध लागते. करडू, गाभण किंवा अशक्त शेळी असेल, तर ३ वरही द्यावे. १ आणि २ रंगाच्या निकोप जनावरांना मुद्दाम सोडावे. ऐकायला हे विचित्र वाटते. पण त्या जनावरांच्या पोटातले, औषधाचा स्पर्श न झालेले जंत कुरणावर अंडी टाकत राहतात आणि त्यामुळे चिवट जंतांचे प्रमाण आटोक्यात राहते. कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांत एकवटलेले असतात, हेही लक्षात घ्यावे. पावसाळ्यात ही पाहणी दोन आठवड्यांतून एकदा तरी व्हावी. पर्णकृमींमुळेही पापणी पांढरी पडते, तेव्हा तक्ता हाती आला म्हणून लेंडी-तपासणी सोडू नये.

औषध बदलायचे ते गट बदलून आणि तपासून बदलावे. लेव्हामिसोल, आयव्हरमेक्टिन आणि क्लोजँटेल हे अल्बेंडाझोलपेक्षा वेगळ्या गटांतले आहेत. त्यांतले कोणते व किती, हे प्रत्यक्ष जनावर पाहून ठरवायचे असते. लेव्हामिसोलची मात्रा शेळीत बेताबेतानेच वाढवता येते. ती सरसकट दुप्पट केली तर लाळ गळणे, थरथरणे असे विषाराचे परिणाम दिसतात. क्लोजँटेल जास्त झाले तर जनावर कायमचे आंधळे होऊ शकते. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्या-दीड महिन्यात देऊ नये, गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो. पाजताना नळी जिभेच्या मागच्या भागावर न्यावी. औषध तोंडात पुढेच सोडले तर ते कधीकधी पहिले पोट टाळून थेट चौथ्या पोटात उतरते आणि लवकर निघून जाते.

करडांचे दुखणे मात्र निराळे दिसते. या वयात रक्तमिश्रित हगवण म्हटली की आयमेरिया, म्हणजे कॉक्सिडिया, आधी तपासावे. हे एकपेशीय जीव आतड्याच्या अस्तराच्या पेशींत वाढतात. त्यांच्यावर कोणतेही जंतनाशक चालत नाही, सल्फा गटातील औषधे किंवा अँप्रोलियम लागते. हा रोग ओल्या, दाटीच्या गोठ्याचा आहे. गव्हाण उंच करा, म्हणजे करडे तिच्यात उभी राहून लेंड्या टाकणार नाहीत. पाण्याचे भांडे रोज घासा, खालची जमीन कोरडी ठेवा आणि मोठ्या शेळ्यांपासून करडांची जागा वेगळी करा. हगवणीच्या करडाचा जीव पुष्कळदा शरीरातले पाणी कमी झाल्याने जातो, म्हणून निदान होईपर्यंत साखर-मिठाचे पाणी थोडे थोडे पाजत राहावे. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य रोग) आणि आंत्रविषार यांच्या लसी झाल्या आहेत का, हेही कळवा. त्या रोगांतही हगवण लागते.

घाटावरची (ऐरोली)

मी मेंढपाळ घरातली आहे, आता नोकरीमुळे ऐरोलीत असते. मेंढ्यांबद्दल दोन शब्द लिहिते, कारण वरच्या उत्तरात त्या थोडक्यात आटोपल्या आहेत.

आमचे वाडे, म्हणजे मेंढपाळांचे तांडे, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येतात, भात कापलेल्या शेतांत खतासाठी मेंढरे बसवतात आणि पाऊस सुरू होण्याआधी परत घाटावर जातात. या येण्या-जाण्याला लोक भटकंती म्हणतात. खरे तर तो हवामानाचा हिशेब आहे. दख्खनी मेंढी कोरड्या माळावर तयार झालेली आहे. तिची लोकर, तिचे खूर आणि तिचे पोट यांतले काहीच कोकणातल्या पावसाळ्यासाठी घडलेले नाही. जून ते सप्टेंबर मुरबाडच्या ओल्या बांधावर ती ठेवली, तर आधी खूर सडतात आणि पाठोपाठ जंत लागतात. आमच्याकडचे जाणते लोक सकाळी दहिवर उतरल्याशिवाय मेंढरे सोडत नाहीत. त्यामागचे शास्त्र त्यांना कुणी शिकवलेले नव्हते, पण दवात चरलेले मेंढरू ‘पाणी धरते’ एवढे त्यांनी पाहिलेले होते.

मेंढ्यांमुळे शेळ्यांना जंत झाले का, याचे उत्तर एका बाजूला ढकलण्यासारखे नाही. दोघींचे पोटातले जंत बहुतांशी सारखेच असल्याने ते एकमेकींना लागतात. त्यातही शेळी मुळात झुडपाचा पाला खुडणारी. मान वर करून खाणारे जनावर असल्याने कुरणातल्या जंतांशी झुंजण्याची ताकद तिच्या अंगात मेंढीइतकी येत नाही. आपण तिला मेंढ्यांबरोबर आखूड गवतावर चारतो, तेव्हा मेंढीने सोसलेला संसर्ग शेळीला आडवा पाडतो. या ६ मेंढ्यांना वेगळे चारणे हा त्यावरचा एक उपाय. मला विचाराल तर, पुढच्या पावसाळ्याआधी त्या घाटावर कुणाकडे तरी देऊन टाकाव्यात.

पशुवैद्यक, शहापूर

दहिवराविषयी वर लिहिले आहे ते तंतोतंत बरोबर आहे, आणि त्यातले कारण सांगण्यासारखे आहे. लेंडीतून पडलेल्या अंड्यातून अळी बाहेर येते आणि आपल्याकडच्या उष्ण-दमट हवेत साधारण आठवडाभरात ती संसर्ग करण्याजोगी होते. ही तिसऱ्या अवस्थेतली अळी काहीही खात नाही. आधीच्या कातेच्या आवरणात राहून ती गवताच्या पात्यावरच्या पाण्याच्या पातळ थरातून वर सरकते. पाते ओले असेल तरच ती चढू शकते, आणि चढली तरी बहुतेक अळ्या जमिनीपासून काही बोटांच्या उंचीतच राहतात. म्हणून दव सुकल्यावर सोडणे आणि गवत चार बोटांच्या खाली खरवडू न देणे, या बिनपैशाच्या दोन गोष्टींनी संसर्ग बराच कमी होतो. पोटात गेल्यावर सुमारे ३ आठवड्यांत ती अंडी घालू लागते. ठाणे जिल्ह्याच्या घाटाकडच्या भागात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पात्यावर ओल कायम असते, त्यामुळे या चार महिन्यांत एकामागून एक पिढ्या तयार होतात आणि रोग गणपती-नवरात्राच्या सुमारास उघडा पडतो. पिल्लू देण्याच्या सुमारास शेळी-मेंढीची प्रतिकारशक्ती ढिली पडते आणि तिच्या लेंडीतली अंडी वाढतात, हेही वेळापत्रक आखताना धरावे.

उष्ण हवेत गवतावरच्या अळ्या फार काळ टिकत नाहीत, महिन्या-दोन महिन्यांत बहुतेक मरतात. म्हणून चराईचे तुकडे पाडून एका तुकड्यावर चार-पाच दिवसांपेक्षा जास्त न राहणे आणि महिनाभर तरी तिकडे न फिरकणे फायद्याचे ठरते. ४० शेळ्यांना पावसाळ्यात ते जमत नसेल, तर अर्ध-बंदिस्त पद्धत बरी. फणस, उंबर, शेवरी, सुबाभूळ, बाभूळ यांचा पाला गव्हाणीत उंचावर टांगून द्यावा. अळ्या तिथवर पोहोचत नाहीत आणि पाल्यातली प्रथिने झालेली झीजही भरून काढतात. जंतांचा मारा सोसायला जनावराला प्रथिनेच लागतात. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर असलेली शेळी औषध देऊनही सावरत नाही.

दिवाळीनंतर कापलेल्या भातखाचरांत जनावरे सोडणार असाल, तर तिथे दुसराच शत्रू आहे. खाचरातल्या आणि ओढ्याकाठच्या गोगलगायींतून पर्णकृमी पसरतात. आपल्याकडचा यकृतातला मोठा पर्णकृमी फॅसिओला जायगँटिका हा त्यांतला मुख्य. पहिल्या पोटात वाढणारे ॲम्फिस्टोम हे पर्णकृमीही त्याच वाटेने येतात आणि त्यांची पिल्ले लहान आतड्यात असताना अतिशय दुर्गंधीयुक्त, पाण्यासारखी हगवण लावतात. त्या वेळी लेंडीत अंडी सापडत नाहीत, कारण अंडी घालण्याइतके जंत वाढलेलेच नसतात. तपासणीतही एक खोच आहे. गोलकृमींची हलकी अंडी मिठाच्या संपृक्त द्रावणात वर तरंगतात आणि काचेवर मिळतात, तर पर्णकृमींची जड अंडी तळाशी बसतात, म्हणून त्यांच्यासाठी गाळ तपासावा लागतो. नमुना देताना ‘दोन्ही पद्धतींनी पाहा’ असे सांगावे. पर्णकृमींसाठी ऑक्सिक्लोझॅनाइड किंवा ट्रायक्लाबेंडाझोल अशी वेगळी औषधे असतात.

नवीन जनावर आणताना, मग ते म्हशाच्या यात्रेतून असो वा ओळखीच्या मेंढपाळाकडून, किमान दोन आठवडे वेगळे ठेवा, दोन निरनिराळ्या गटांची औषधे द्या आणि लेंडी तपासूनच कळपात घ्या. चिवट जंत एका कळपातून दुसऱ्यात जातो तो बहुधा विकत घेतलेल्या जनावराच्या पोटातूनच.

खारघर-२१

माझ्या गोठ्याचा प्रश्न नाही, पण एक विचारतो. आम्ही दर रविवारी मटण खातो. जनावराच्या पोटात एवढे जंत असतील तर ते खाणे सुरक्षित आहे का? शिवाय आमच्या सोसायटीत लेंडीखत येते आणि घरातल्या कुंड्यांत आम्ही कोथिंबीर, पालक लावतो.

निवृत्त मांसतपासनीस

पोटातले गोलकृमी मांसात नसतात. ते पोटात आणि आतड्यात असतात. हिमोंकस किंवा शेळीचा पट्टकृमी (फितीसारखा चपटा जंत) मटण खाऊन माणसाला होत नाही. लेंडीवर तांदळाच्या दाण्यांसारखे दिसणारे पांढरे तुकडे याच पट्टकृमीचे असतात, आणि त्याला पाहून लोक जितके घाबरतात तितका तो शेळीलाही घातक नसतो. मटण नीट शिजवावे. अर्धे कच्चे मांस टाळण्याचे खरे कारण टॉक्सोप्लाझ्मा हा दुसराच परजीवी आहे, आणि त्याबाबत गरोदर स्त्रियांनी विशेष जपावे.

खरा धोका पुष्कळदा ज्या ठिकाणी कुणी पाहत नाही तिथे, म्हणजे गोठ्यावरच्या कुत्र्यात असतो. कत्तलखान्यात शेळी-मेंढीच्या यकृतात आणि फुफ्फुसात पाण्याने भरलेले, जाड पांढऱ्या आवरणाचे फुगे सापडतात. ते एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस या पट्टकृमीच्या अळीचे असतात. असे अवयव दारातल्या कुत्र्याला टाकले की कुत्र्याच्या आतड्यात जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे हजारो पट्टकृमी तयार होतात. कुत्र्याला त्याचा काहीच त्रास होत नाही. त्याच्या विष्ठेतून मात्र अंडी बाहेर पडतात, ती गवतावर, अंगणातल्या मातीत आणि खुद्द त्याच्या केसांवर राहतात. मूल कुत्र्याला कुरवाळून त्याच हाताने खाऊ खाते आणि वर्षानुवर्षे काही न कळता त्याच्या यकृतात किंवा फुफ्फुसात तसाच फुगा वाढत राहतो. पुढे शस्त्रक्रियेची वेळ येते. गावच्या जत्रेला किंवा आखाडात घरी बोकड कापला जातो, तेव्हा टाकाऊ अवयव कुत्र्यांपुढे फेकण्याची आपल्याकडची सवय या चक्राला कायम तेल घालते. ते अवयव जाळावेत किंवा कुत्रे उकरणार नाही इतके खोल पुरावेत, आणि गोठ्यावरच्या कुत्र्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरावीक काळाने प्राझिक्वांटेल हे पट्टकृमीवरचे औषध द्यावे. मेंढरांना येणारी चक्री, ज्यात जनावर एकाच बाजूला गोल फिरते, तीही कुत्र्याच्याच दुसऱ्या एका पट्टकृमीची देणगी आहे.

करडांत खेळणाऱ्या मुलांसाठी क्रिप्टोस्पोरिडियम या सूक्ष्म परजीवीची काळजी घ्यावी. काही दिवसांच्या ते महिनाभराच्या करडांना यामुळे हगवण लागते आणि ती माणसालाही लागू शकते. निरोगी माणूस एक-दोन आठवड्यांत बरा होतो, पण ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे कमी झालेली आहे त्यांचे हाल होतात. क्लोरीनच्या पाण्याने हा जीव सहज मरत नाही, सॅनिटायझरवरही विसंबू नये. साबणाने हात खसखसून धुणे हाच उपाय. हगवण लागलेले करडू मुलांच्या हाती देऊच नये.

लेंडीखताबद्दल इतकेच, की ताज्या लेंड्या पालेभाजीला घालू नयेत. ट्रायकोस्ट्राँगायलस जातीचे जंत शेळी-मेंढीकडून माणसाला, न धुतलेल्या कच्च्या भाजीवाटे, होऊ शकतात. ढीग लावून, आतून चांगला तापून, पूर्ण कुजलेले खत वापरावे आणि कोथिंबीर धुऊन घ्यावी.

माळशेज-पायथा (मुरबाड / ऐरोली)

सर्वांचे आभार. काल तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टरांना गोठ्यावर बोलावले. सूज असलेल्या शेळ्यांची पापणी त्यांनी मला दाखवली. निरोगी बोकडाच्या पापणीशेजारी ती चुना लावल्यासारखी पांढरी दिसत होती. लेंडीत गोलकृमींची अंडी खूप होती, करडांच्या नमुन्यात कॉक्सिडिया निघाले, पर्णकृमींची अंडी मात्र मिळाली नाहीत. लसी झालेल्या आहेत. पांढऱ्या पडलेल्या जनावरांना वजन करून दुसऱ्या गटाचे औषध दिले आणि लोहाची पूरक मात्रा लिहून दिली. काकांना निम्म्या शेळ्या बिनऔषधाच्या ठेवणे पटत नाही. ते म्हणतात, पैसे मी देतो पण सगळ्यांना पाजा. घरी यावरून बराच वाद झाला.

औषध लागू पडले की नाही, हे नेमके कसे कळेल? आणि दुधाचे काय करावे?

पशुवैद्यक, शहापूर

काकांना अंड्यांचे आकडे दाखवा, ते ऐकतील. औषध देण्याच्या दिवशी काही ठरावीक शेळ्यांच्या लेंडीतील प्रतिग्रॅम अंडी मोजलेली असतील, तर १० ते १४ दिवसांनी त्याच शेळ्यांची पुन्हा मोजावीत. संख्या ९५ टक्क्यांहून कमी प्रमाणात घटली असेल, तर त्या औषधाला दाद न देणारे जंत आपल्या कळपात आहेत असे धरावे लागते. हीच मोजणी अल्बेंडाझोलच्या बाबतीत आधी झाली असती तर श्रावणातली मात्रा वाचली असती. कानात ओळखीचे बिल्ले टोचलेले नसतील तर निदान रंगीत दोरी बांधून ठेवा, नाहीतर दुसऱ्या वेळी भलतीच शेळी तपासली जाते. तालुक्याला मोजणीची सोय नसेल, तर परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातील परजीवीशास्त्र विभागाकडे विचारणा करावी. १८८६ साली स्थापन झालेली ही संस्था आपल्याला सर्वांत जवळची आहे.

दुधाबाबत वेष्टनावर वर्ज्य काळ छापलेला असतो. शेळीला मात्रा वाढवून दिली असल्यास तो काळही वाढतो, म्हणून औषध देणाऱ्या डॉक्टरांकडून तो लिहून घ्यावा आणि तेवढे दिवस दूध घरी अथवा विक्रीला वापरू नये. कापायच्या बोकडालाही तसाच काळ असतो, तो दुधापेक्षा वेगळा विचारावा.

नमुना जमिनीवरून उचलू नका. हातमोजा घालून थेट गुदद्वारातून आठ-दहा लेंड्या घ्या, छोट्या पिशवीत भरून हवा काढून टाका, पिशवीवर शेळीची खूण आणि तारीख लिहा आणि बर्फाच्या डब्यात, पण बर्फाला न चिकटवता, २४ तासांच्या आत पोहोचवा. उन्हात राहिलेल्या नमुन्यातली अंडी उबून अळ्या बाहेर पडतात आणि मग मोजायला काही उरत नाही. आपण शनिवार-रविवारीच गोठ्यावर असता, तेव्हा रविवारी संध्याकाळी नमुने घेऊन ते फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावेत आणि सोमवारी प्रयोगशाळा उघडताच द्यावेत.